वरातीमागून विचार

२१ सप्टेंबर १९९८, सोमवार. सकाळपासून अमेरिकेतल्या वृत्तवाहिन्यांवर एकच चित्रफीत चालू होती. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन खुर्चीत बसून सरकारी वकिलांच्या अडचणीच्या प्रश्नांना उत्तरं देताहेत, मध्येच चष्मा सावरताहेत, मध्येच चिडताहेत. मोनिका लेविन्स्की प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे त्यांनी ऑगस्टमध्ये दिलेली साक्ष त्या दिवशी जगाला दाखवली गेली, चांगली चार तास. खुद्द क्लिंटन त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांचं भाषण झालं, प्रतिनिधींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग ते न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये एका चर्चासत्राला गेले. विषय होता, जागतिक अर्थव्यवस्थेत लोकशाही बळकट कशी करायची. शेजारी ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर, इटलीचे रोमानो प्रोदी आणि बल्गेरियाचे अध्यक्ष पेतर स्तोयानोव.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी या चर्चेला कितपत जागा दिली असेल, हे सांगायला नको. पण मध्यममार्गी डाव्या नेत्यांचा जो आंतरराष्ट्रीय गोतावळा पुढे दोन वर्षांत 'पॉलिसी नेटवर्क' नावाची लंडनची थिंक टँक होऊन बसला, त्याची ही पहिली जाहीर बैठक. त्या टेबलाभोवतीच्या माणसांचं भविष्यही त्याच वेळी दिसू लागलं होतं, फक्त पाहणारं कुणी नव्हतं. प्रोदींचं सरकार पुढच्या अठरा दिवसांत पडलं. विश्वासमत होतं ३१२ विरुद्ध ३१३, एका मताचा फरक, आणि पाठिंबा काढून घेणारे होते त्यांच्याच डावीकडचे कम्युनिस्ट.

त्याआधीची पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. ऐंशीचं दशक डाव्यांना फार वाईट गेलं. अमेरिकेत डेमोक्रॅट पक्ष १९८०, १९८४ आणि १९८८ अशा लागोपाठ तीन अध्यक्षीय निवडणुका हरला. ब्रिटनच्या मजूर पक्षाने १९७९ ते १९९२ या काळात चार हरल्या. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटांचा, म्हणजे एसपीडीचा, हेल्मुट कोल यांनी १९८३पासून चार वेळा पराभव केला. इतका मार खाल्ल्यावर कुणीही सल्ला ऐकायला तयार होतो. अमेरिकेत १९८५ साली अल फ्रॉम आणि काही दक्षिणी डेमोक्रॅट नेत्यांनी 'डेमोक्रॅटिक लीडरशिप कौन्सिल' काढली, आणि तिच्या अध्यक्षपदावरून आर्कान्साचे गव्हर्नर क्लिंटन राष्ट्रीय राजकारणात आले. पक्ष कामगार संघटना आणि हितसंबंधी गटांच्या हातातून सोडवून मध्यमवर्गाकडे न्यायचा, हा त्यांचा एककलमी कार्यक्रम. ब्लेअर यांनी ते जवळून पाहिलं होतं. १९९५च्या एप्रिलमध्ये खास अधिवेशन बोलावून त्यांनी मजूर पक्षाच्या घटनेतलं चौथं कलम बदलून घेतलं. उत्पादनाची साधनं समाजाच्या मालकीची व्हावीत, असं सांगणारं ते कलम सिडनी वेब यांनी लिहिलेलं होतं, १९१८पासून पक्षाच्या घटनेत होतं, आणि पुढे सभासदपत्रावरही छापलं जात असे. कुणी ते अमलात आणणार नव्हतं आणि कुणी काढूनही टाकत नव्हतं. ब्लेअर यांनी काढलं, आणि १ मे १९९७ रोजी १७९ जागांच्या बहुमताने सत्तेत आले.

सत्तेत आल्यावर काही महिन्यांतच, नोव्हेंबर १९९७मध्ये, ब्रिटिश पंतप्रधानांच्या चेकर्स या गावाकडच्या निवासस्थानी हिलरी क्लिंटन आणि त्यांच्या बाजूची काही मंडळी ब्लेअर यांच्या सल्लागारांसोबत बसली. आपण दोघं एकच काहीतरी करतो आहोत, मग त्याला नाव आणि सिद्धान्त असायला हवा, हा त्या बैठकीचा सूर. नाव होतंच, 'तिसरा मार्ग'. सिद्धान्त लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संचालकांनी, समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांनी, १९९८ साली त्याच नावाच्या छोट्या पुस्तकात मांडला. (हीच ती संस्था, जिथे डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला प्रबंध लिहिला. तिचे संस्थापक वेब दांपत्य होतं, म्हणजे चौथं कलम लिहिणारेच.) सिद्धान्ताचं सार असं: बाजारपेठेशी भांडून उपयोग नाही, जागतिकीकरण थांबवता येणार नाही. सरकारने उद्योग चालवू नयेत. लोकांना शिक्षण, कौशल्य आणि आरोग्य देऊन बाजारात उतरण्याजोगं करावं. हक्कांबरोबर कर्तव्यंही असावीत, आणि धट्ट्याकट्ट्या माणसाने भत्त्यावर न जगता काम करावं.

आज हे वाचताना नाक मुरडणं सोपं आहे, पण मला तसं करावंसं वाटत नाही. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९९९पासून देशव्यापी किमान वेतन लागू झालं. प्रौढांना तासाला ३ पौंड ६० पेन्स, अठरा ते एकवीस वयाच्या तरुणांना ३ पौंड. त्याआधी तिथे असा कायदाच नव्हता. हॉटेलात भांडी घासणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांची मजुरी एका रात्रीत वाढली, आणि उद्योगपतींनी वर्तवलेली बेकारीची लाट आलीच नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ब्लेअर यांनी वीस वर्षांत बालदारिद्र्य संपवण्याचं वचन दिलं. ते पुरं झालं नाही, पण पुढच्या दशकात लाखो मुलं त्या रेषेच्या वर आली. मजुरांच्या घरांत न वाढलेल्या मंत्र्यांना हे सुचलं म्हणून हिणवण्याचं कारण नाही. काम काम असतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. क्लिंटन यांनी ऑगस्ट १९९६मध्ये सही केलेल्या कायद्याने गरीब कुटुंबांना साठ वर्षं मिळत आलेली मदतीची हमी काढून घेतली. मजूर पक्षाचे व्यूहरचनाकार पीटर मॅन्डलसन यांनी १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या उद्योजकांसमोर सांगून टाकलं, की लोक गडगंज श्रीमंत झाले तरी आमची काही हरकत नाही, त्यांनी कर भरला म्हणजे झालं. वाक्याचा दुसरा अर्धा भाग लोक विसरले, पहिला त्यांच्या नावावर कायमचा चिकटला.

न्यूयॉर्कच्या बैठकीनंतरच्याच रविवारी जर्मनीत गेरहार्ड श्रोडर यांनी कोल यांची सोळा वर्षांची राजवट संपवली. ऑक्टोबरात इटलीत प्रोदींच्या जागी मासिमो द'आलेमा आले. ते पूर्वीच्या कम्युनिस्ट पक्षातले, आणि नाटोतल्या एका मोठ्या देशाचे पंतप्रधान. युरोपीय संघाच्या तेव्हाच्या पंधरा देशांपैकी अकरा देशांत सोशल डेमोक्रॅट किंवा समाजवादी पंतप्रधान होते. बाहेर राहिले ते फक्त स्पेन, आयर्लंड, बेल्जियम आणि लक्झेम्बर्ग. युरोपातल्या डाव्यांच्या हाती एकाच वेळी इतकी सत्ता आधी कधी नव्हती, नंतरही कधी आली नाही.

एवढ्या सत्तेचं करायचं काय, यावर मात्र एकमत नव्हतं, आणि खरी गंमत इथेच आहे. श्रोडर यांच्या पक्षाचे अध्यक्ष आणि अर्थमंत्री ऑस्कर लाफोन्तेन यांना युरोपभर समान कर आणि वित्तबाजारांवर लगाम हवा होता. लंडनच्या एका खपाच्या टॅब्लॉइडने त्यांना युरोपातला सर्वांत धोकादायक माणूस ठरवलं. ११ मार्च १९९९ रोजी लाफोन्तेन तडकाफडकी दोन्ही पदं सोडून घरी गेले, आणि हृदय डावीकडेच असतं अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहून त्यांनी आपला राग काढला. एप्रिलमध्ये कोसोवोवर बाँब पडत असताना, नाटोच्या पन्नासाव्या वर्धापनदिनासाठी वॉशिंग्टनला जमलेले क्लिंटन, ब्लेअर, श्रोडर, द'आलेमा आणि हॉलंडचे विम कॉक यांनी वेळ काढून पुन्हा तिसऱ्या मार्गावर परिसंवाद केला.

मग ८ जून १९९९. लंडनमध्ये ब्लेअर आणि श्रोडर यांनी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केलं. लिहिणारे प्रामुख्याने दोघं, जर्मनीकडून श्रोडर यांचे निकटवर्ती बोडो होंबाख आणि ब्रिटनकडून मॅन्डलसन, जे त्या वेळी मंत्रीही नव्हते. घरासाठी सहकाऱ्याकडून घेतलेल्या कर्जाच्या प्रकरणात त्यांना डिसेंबरमध्ये राजीनामा द्यावा लागला होता. निवेदनात कंपन्यांवरचे कर कमी करणं, कामगार बाजार लवचीक करणं, सरकारी खर्चाला मर्यादा घालणं, असं सगळं होतं. डाव्यांनी आपल्या इतिहासात सरकारवर फाजील विश्वास टाकला, अशी कबुलीही होती. जर्मन कामगार संघटना पेटून उठल्या. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांना त्यात नवं काही दिसलं नाही. दोनच दिवसांनी ब्रिटनमध्ये आणि पाच दिवसांनी जर्मनीत युरोपीय संसदेच्या निवडणुका झाल्या. मजूर पक्षाच्या जागा ६२ वरून २९ वर आल्या, एसपीडीला जेमतेम ३१ टक्के मतं पडली. १९७९मध्ये थेट निवडणुका सुरू झाल्यापासून प्रथमच युरोपीय संसदेत समाजवाद्यांचा गट पहिल्या क्रमांकावरून खाली गेला. निवेदनामुळे हरले असं नव्हे, इतक्या घाईत ते कुणी वाचलंही नसेल. पण मुहूर्त पाहायला कुणी ज्योतिषी लागत नव्हता.

फ्रान्सचे पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ यांनी या कागदापासून चार हात दूर राहणं पसंत केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: बाजाराची अर्थव्यवस्था चालेल, बाजाराचा समाज नको. त्यांचं सरकार तेव्हा आठवड्याचे कामाचे तास ३९ वरून ३५ वर आणण्याचा कायदा करत होतं, म्हणजे लंडन-बर्लिनच्या अगदी उलट दिशेने चाललं होतं. तरीही नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्सला ते आलेच.

फ्लॉरेन्सची बैठक या सगळ्या कथेचा कळस म्हणावी लागेल. २१ नोव्हेंबर १९९९, पलाझ्झो वेक्किओतलं पाचशेंचं सभागृह. सावोनारोलाच्या काळात, पंधराव्या शतकाच्या शेवटी, नगरराज्याच्या पाचशे नागरिकांच्या सभेसाठी हा प्रचंड दिवाणखाना बांधला गेला. पुढे मेदिची घराण्याची सत्ता परत आली, आणि कोझिमो या ड्यूकने वासारी या चित्रकाराकडून भिंती आपल्या विजयाच्या लढायांनी रंगवून घेतल्या. तिथे क्लिंटन, ब्लेअर, श्रोडर, जोस्पाँ, यजमान द'आलेमा आणि ब्राझीलचे अध्यक्ष फेर्नांदो एन्रिके कार्दोसो बसले. कार्दोसो हे मूळचे समाजशास्त्रज्ञ. श्रीमंत देशांच्या भांडवलावर गरीब देश कसे परावलंबी होतात, या विषयावरचं त्यांचं पुस्तक सत्तरच्या दशकात जगभरच्या डाव्या विद्यार्थ्यांनी वाचलेलं. अध्यक्ष झाल्यावर त्यांनीच देशाची खाणकंपनी आणि टेलिफोन कंपनी विकली. पत्रकारांना परिषदेतल्या भाषणांपेक्षा हा एक माणूसच पुरेसा विषय होता.

भाषणं चांगली झाली, क्लिंटन तर उत्स्फूर्त बोलण्यात पटाईतच. डिजिटल दरी, शिक्षण, गरीब देशांची कर्जमाफी, सगळ्यावर बोलणं झालं. बोलणं झालं नाही ते एका गोष्टीवर. नऊच दिवस आधी, १२ नोव्हेंबरला, क्लिंटन यांनी एका विधेयकावर सही केली होती. ठेवी सांभाळणाऱ्या बँका आणि सट्टा खेळणाऱ्या गुंतवणूक-बँका यांच्यामध्ये १९३३ साली बांधलेली भिंत त्या सहीने पाडली गेली. आणि नऊच दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेवर सिएटलच्या रस्त्यांत पोलाद कामगार आणि पर्यावरणवादी एकत्र उतरले, अश्रुधूर सुटला, उद्घाटनाचं सत्र रद्द करावं लागलं. फ्लॉरेन्सच्या डाव्याउजव्या बाजूला अशा दोन तारखा उभ्या आहेत, आणि मधल्या सभागृहात प्रगतिशील राज्यकारभाराची चर्चा चालू आहे.

डाव्यांनी देशांच्या सीमा ओलांडून जमणं ही काही नवी गोष्ट नव्हती. १९०४च्या ऑगस्टमध्ये ॲम्स्टरडॅमला दुसऱ्या इंटरनॅशनलच्या अधिवेशनात एल्फिन्स्टन कॉलेजचे एकेकाळचे प्राध्यापक दादाभाई नौरोजी, वय वर्षं ७८, हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर बोलायला आले, तेव्हा सगळे प्रतिनिधी त्यांच्यासाठी उभे राहिले. तीन वर्षांनी श्टुटगार्टला मुंबईच्या भिकाईजी कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला तोही याच संस्थेच्या व्यासपीठावर. त्या जमावात सत्ता कुणाकडेच नव्हती, पण प्रत्येकाच्या मागे एखादा पक्ष, संघटना, वर्तमानपत्र, संपाचा निधी असायचा. १९९८ ते २००० या काळातल्या बैठकांत नेमकं उलटं होतं. सगळ्यांकडे सत्ता होती, सुरक्षारक्षकांचे ताफे होते. मागचे लोक मात्र खोलीत आलेच नाहीत, त्यांना निमंत्रणही नव्हतं.

जून २०००मध्ये बर्लिनला चौदा राष्ट्रप्रमुख जमले. दक्षिण आफ्रिकेचे थाबो म्बेकी, न्यूझीलंडच्या हेलन क्लार्क, चिलीचे रिकार्दो लागोस, कॅनडाचे ज्याँ क्रेतिएँ अशी नवी मंडळी आली. द'आलेमा मात्र नव्हते, प्रादेशिक निवडणुकांतल्या पराभवानंतर एप्रिलमध्येच त्यांनी राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी जुलिआनो अमातो आले होते. या बैठकांना सचिवालय असावं, अभ्यासनिबंध वेळेवर तयार व्हावेत, दोन परिषदांच्या मध्ये संपर्क राहावा, यासाठी संस्था हवी असं ठरलं. ब्लेअर, श्रोडर, अमातो आणि स्वीडनचे योरान पेर्सॉन यांच्या पाठिंब्याने डिसेंबर २०००मध्ये लंडनला 'पॉलिसी नेटवर्क' सुरू झालं.

त्याच डिसेंबरच्या १२ तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडातली फेरमोजणी थांबवली आणि क्लिंटन यांचे उपाध्यक्ष अल गोर अध्यक्षीय निवडणूक हरले. २१ तारखेला, जाता जाता, क्लिंटन यांनी डेरिव्हेटिव्ह नावाच्या वित्तीय सौद्यांना देखरेखीतून मोकळं करणारा आणखी एक कायदा मंजूर केला.

मला पॉलिसी नेटवर्कच्या जन्मतारखेचं नवल वाटतं ते उजव्यांशी तुलना करताना. लंडनची 'इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स' कुक्कुटपालनातून पैसा कमावलेल्या अँटनी फिशर यांनी १९५५मध्ये काढली, तेव्हा तिची मतं वेड्यात निघत होती. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पुढारीसुद्धा ऐकून घेत नव्हते. चोवीस वर्षं ती पत्रकं छापत राहिली, पत्रकार आणि प्राध्यापक घडवत राहिली, आणि १९७९ साली मार्गारेट थॅचर यांनी तिथला माल उचलला. मुंबईतही ए. डी. श्रॉफ यांनी १९५६मध्ये 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' काढलं ते नेहरूंच्या नियोजनाच्या ऐन भरात. पुढे नानी पालखीवालांच्या अर्थसंकल्पावरच्या भाषणांना ब्रेबर्न स्टेडियम भरू लागलं, आणि उदारीकरणाचं १९९१ उजाडायला पस्तीस वर्षं लागली. डाव्यांचीही जुनी रीत हीच. फेबियन सोसायटी १८८४ची, मजूर पक्षाचं पहिलं सरकार १९२४चं. चाळीस वर्षं पत्रकं, व्याख्यानं, आकडेवारी. आधी विचार रुजवायचा, मग सत्तेची वाट पाहायची. पॉलिसी नेटवर्कने हा क्रम उलटा केला. वरात मांडवात पोचून वऱ्हाडी जेवायला बसले, आणि मग घोडा आणायला माणूस पाठवला.

संस्थेला पुढारी मिळाला तोही वरातीतून उतरलेला. जानेवारी २००१मध्ये मॅन्डलसन यांना दुसऱ्यांदा मंत्रिपद सोडावं लागलं. माहीमच्या रुग्णालयामुळे मुंबईकरांना ठाऊक असलेल्या हिंदुजा घराण्यातल्या श्रीचंद हिंदुजा यांच्या ब्रिटिश पासपोर्टच्या अर्जाची त्यांनी गृहखात्याकडे चौकशी केली होती का, हा वाद. हिंदुजांनी लंडनच्या मिलेनियम डोमला दहा लाख पौंड देऊ केले होते, म्हणून त्याला धार आली. मार्चमध्ये चौकशी अहवालाने मॅन्डलसन यांच्यावर गैरवर्तनाचा ठपका ठेवला नाही, पण तोवर पद गेलं होतं. रिकामे मॅन्डलसन पॉलिसी नेटवर्कचे अध्यक्ष झाले आणि २००४मध्ये युरोपीय संघाचे व्यापार आयुक्त होईपर्यंत राहिले. संस्थेचं बिऱ्हाड वेस्टमिन्स्टरच्या टफ्टन स्ट्रीटवर होतं. पुढे याच गल्लीतली ५५ क्रमांकाची इमारत करविरोधी आणि हवामानबदल नाकारणाऱ्या उजव्या गटांचं घर म्हणून गाजली. लंडनमध्ये विचारांचे शत्रू असे एकमेकांच्या खिडकीसमोर राहतात.

कामाची पद्धत ठरलेली होती. दरवर्षी-दोन वर्षांनी एखाद्या प्रगतिशील पंतप्रधानाच्या देशात शिखर परिषद. आधी येल, बर्लिन, लंडनच्या प्राध्यापकांचे निबंध, मग नेत्यांची बंद दाराआडची सकाळ, शेवटी निवेदन आणि छायाचित्र. मधल्या काळात नियतकालिक, चर्चासत्रं, पुस्तकं. २००३ साली गिडन्स यांच्या संपादनाखाली एक 'प्रगतिशील जाहीरनामा'ही निघाला. निबंध सहसा उत्तम असत. पेन्शन, स्थलांतर, वृद्ध होत चाललेला युरोप, एकट्या आयांच्या नोकऱ्या यावर इतकी नीट आणि निर्मळ माहिती त्या काळी दुसरीकडे मिळणं अवघड होतं. अडचण निबंधांची नव्हती. ज्यांच्यासाठी ते लिहिले जात होते, तेच एकेक करून बाहेर पडत होते.

मे २००१, इटलीत बर्लुस्कोनी. डिसेंबरात पोर्तुगालच्या गुतेरेस यांचा राजीनामा. १६ एप्रिल २००२, स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडातल्या डच सैनिकांच्या वर्तनावरच्या अहवालानंतर विम कॉक यांनी सरकार सोडलं, आणि महिन्याभरात त्यांच्या पक्षाच्या ४५ जागांच्या २३ झाल्या. सर्वांत मोठा धक्का पाचच दिवसांनी बसला. २१ एप्रिलला फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत जोस्पाँ यांना १६.१८ टक्के मतं पडली, आणि अतिउजव्या ज्याँ-मारी ल पेन यांना १६.८६. तिसऱ्या मार्गावर न गेलेलेही त्याच खड्ड्यात पडले, हे सांगितलंच पाहिजे. सगळा दोष ब्लेअर-श्रोडर यांच्या कागदावर टाकणाऱ्यांना जोस्पाँ यांचा पराभव नीट समजावता येत नाही.

उरलेल्यांना इराकने फोडलं. जुलै २००३मध्ये पॉलिसी नेटवर्कने लंडनला आपली सर्वांत मोठी परिषद भरवली. ब्लेअर यजमान, युद्धाला चार महिने झालेले. पाहुण्यांत श्रोडर होते, ज्यांनी युद्धाला विरोध करूनच २००२ची निवडणूक जिंकली होती. क्रेतिएँ होते, ज्यांनी कॅनडाचं सैन्य पाठवलं नाही. लागोस होते, ज्यांच्या चिलीने सुरक्षा परिषदेत दुसऱ्या ठरावाला होकार दिला नाही. म्बेकी आणि ब्राझीलचे अध्यक्ष लुला होते. जनतेवर अत्याचार होत असतील तर बाहेरच्या देशांनी हस्तक्षेप करण्याची जबाबदारी असते, अशा आशयाचा मसुद्यातला परिच्छेद शेवटच्या निवेदनातून गळाला. छायाचित्रात सगळे हसताना दिसतात.

जर्मनीत तोवर श्रोडर यांनी, १४ मार्च २००३ रोजी, संसदेत 'अजेंडा २०१०' मांडला होता. त्यातला चौथा टप्पा १ जानेवारी २००५ला लागू झाला आणि फोक्सवागनच्या कार्मिक प्रमुखांच्या, पीटर हार्ट्झ यांच्या, नावाने ओळखला गेला. आधी दीर्घकाळ बेकार असलेल्या माणसाला पूर्वीच्या पगाराच्या प्रमाणात मदत मिळे. आता पश्चिमेत महिना ३४५ युरो, पूर्वेत ३३१, अधिक घरभाडं, आणि तेही घरातली बचत तपासून. तीस वर्षं कारखान्यात राबलेला पन्नाशीचा फोरमन आणि कधीच नोकरी न केलेला शेजारी एकाच रांगेत उभे राहिले. रक्कम किती, यापेक्षा ही रांग लोकांच्या मनाला लागली. २००४च्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीच्या शहरांत दर सोमवारी मोर्चे निघाले, १९८९मध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध निघत तसे. पुढे बेकारी उतरली, निर्यात वाढली, आणि श्रेय अंगेला मेर्कल यांच्या पदरात पडलं. श्रोडर यांचा पक्ष ३९ वर्षांनी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलिया हा कामगारांचा बालेकिल्ला हरला, ते २००५च्या सप्टेंबरात स्वतः हरले, आणि काही महिन्यांत रशियन वायुवाहिनीच्या कंपनीत मोठ्या पदावर गेले. हार्ट्झ यांना कंपनीतल्या गैरव्यवहाराबद्दल २००७मध्ये शिक्षा झाली.

एप्रिल २००८मध्ये ब्लेअर यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या गॉर्डन ब्राउन यांनी वॉटफर्डजवळच्या एका हॉटेलात परिषद भरवली तेव्हा नॉर्दर्न रॉक बँकेपुढच्या रांगा पाहून सात महिने झाले होते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये चिलीच्या विन्या देल मारला मिशेल बाचेलेत यांच्याकडे ब्राउन, लुला, स्पेनचे सापातेरो, अमेरिकेचे नवे उपाध्यक्ष बायडन जमले. जगभर बँका सरकारी पैशाने उभ्या राहत होत्या. वाटेत ब्राझीलला थांबलेल्या ब्राउन यांच्या शेजारी उभं राहून आदल्याच दिवशी लुला म्हणाले होते, की हे संकट निळ्या डोळ्यांच्या गोऱ्या माणसांनी आणलं आहे. ब्राउन यांनी दहा वर्षं अर्थमंत्री म्हणून लंडनच्या वित्तनगरीवर हलक्या हाताने देखरेख ठेवली होती. आता त्यांनीच जगाला खर्च करायला लावलं, आणि ते त्यांनी चांगलं निभावलं. ज्या कल्पनेवर हा सगळा गोतावळा उभा होता, म्हणजे बाजाराला वाढू द्यायचं आणि त्याच्या करातून गरिबांचं भलं करायचं, ती मात्र त्या हिवाळ्यात बुडाली. कर भरणारेच बुडाले होते.

पॉलिसी नेटवर्कचं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम त्यानंतरचं आहे, जेव्हा तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. २०११मध्ये ऑस्लोच्या परिषदेसाठी येलचे राज्यशास्त्रज्ञ जेकब हॅकर यांनी एक निबंध लिहिला. विषमता आधी वाढू द्यायची आणि मग कर-अनुदानांनी ती कमी करत बसायचं, हे उलटं आहे. मजुरी, कंपन्यांचे नियम, संघटना, वित्तबाजार इथेच, म्हणजे पैसा वाटला जातो तिथेच, नियम बदला. या विचाराला त्यांनी 'पूर्ववितरण' म्हटलं. ६ सप्टेंबर २०१२ रोजी मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड यांनी पॉलिसी नेटवर्कच्याच परिषदेत तो उचलला. स्थळ होतं लंडन स्टॉक एक्स्चेंज! पुढच्या आठवड्यात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत त्या शब्दाची टर उडवली, आणि २०१५मध्ये मिलिबँड हरले. ब्लेअर यांच्या पहिल्या सरकारने या विचारातलं केलेलं एकमेव मोठं काम, किमान वेतन, त्याच कॅमेरून यांच्या पक्षाने पुढच्या वर्षी वाढवलं.

पक्षांचे आकडे तोवर असे झाले होते. एसपीडी १९९८मध्ये ४०.९ टक्के, २००९मध्ये २३. ग्रीसचा पासोक २००९मध्ये ४३.९, जानेवारी २०१५मध्ये ४.७. फ्रेंच समाजवादी उमेदवार २०१७मध्ये साडेसहा टक्क्यांच्याही खाली. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाला १९९७ला १ कोटी ३५ लाख मतं होती, आणि २००५मध्ये, ब्लेअर जिंकले तेव्हाच, ती ९५ लाखांवर आली होती. बहुमत होतं म्हणून कुणी मोजली नाहीत.

२०२१ साली पॉलिसी नेटवर्क हे मजूर पक्षातल्या ब्लेअरवाद्यांच्या १९९६पासूनच्या 'प्रोग्रेस' या गटात विलीन झालं, आणि एकत्रित संस्था 'प्रोग्रेसिव्ह ब्रिटन' म्हणून काम करू लागली. जुलै २०२४मध्ये कीर स्टार्मर १७४ जागांचं बहुमत घेऊन पंतप्रधान झाले. त्यांच्या पक्षाला मिळालेली मतं होती सुमारे ९७ लाख, २०१९मध्ये दारुण हरलेल्या जेरेमी कॉर्बिन यांच्यापेक्षा साडेपाच लाखांहून अधिकने कमी. मॅन्डलसन यांना त्यांनी राजदूत करून वॉशिंग्टनला पाठवलं, आणि लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या जेफ्री एपस्टीनशी असलेल्या जुन्या मैत्रीवरून सप्टेंबर २०२५मध्ये परत बोलावलं.